वाचकांचे प्रश्न : पेलेट स्टोव्हची काच काळी का पडते?

थंडी पडली की पेलेट स्टोव्हची पत्रं सुरू होतात. यंदा न्यू हॅम्पशर, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, मेन, ऑरेगन, न्यू जर्सी इथून आलीत, एक जर्मनीहून आहे आणि एक थेट साताऱ्याहून. सगळ्यांना इथे जागा नाही, त्यामुळे ज्या तक्रारी परत परत येतात त्या घेतल्यात.

ज्यांच्याकडे हा स्टोव्ह नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. लाकडाचा भुसा प्रचंड दाबाने दाबून साधारण ६ मिलिमीटर जाडीच्या कांड्या करतात, ते पेलेट्स. त्यात बहुतेक वेळा वेगळा डिंक वगैरे नसतो, लाकडातलंच लिग्निन गरम होऊन त्यांना धरून ठेवतं. वरच्या हॉपरमधे ते ओतायचे, ऑगर म्हणजे फिरणारा लांब स्क्रू ते थोडे थोडे बर्न पॉटमधे, म्हणजे आग जळते त्या भोकाभोकांच्या भांड्यात, टाकतो, एक पंखा धूर बाहेर ओढतो आणि दुसरा गरम हवा खोलीत सोडतो. वॉशिंग्टन राज्यातले जेरी व्हिटफील्ड नावाचे एरोस्पेस इंजिनियर, त्यांनी १९८० च्या दशकात असा घरगुती स्टोव्ह बाजारात आणला आणि आज न्यू इंग्लंडच्या खेड्यापाड्यात तो बऱ्याच घरी दिसतो.

प्रश्न : नमस्कार काका. आमच्या स्टोव्हची काच एका दिवसात काळीकुट्ट होते. आधी तीन दिवस तरी स्वच्छ राहायची. पेलेट्सचा ब्रँड दोनदा बदलला, दुकानदार म्हणतो अजून महागाचे घ्या. ज्योतही पूर्वीसारखी वाटत नाही, मोठी आणि केशरी दिसते. स्टोव्ह सहा वर्षांचा आहे. नवीन घ्यायची वेळ आली का? (नॅशुआ, न्यू हॅम्पशर)

उत्तर : नाही हो, इतक्यात नवीन घेऊ नका आणि महागाच्या पेलेट्सवरही अजून पैसे घालू नका. तुम्ही पत्रात एक फार कामाची गोष्ट लिहिलीत, ज्योत मोठी आणि केशरी दिसते ही. चांगली ज्योत पिवळी-पांढरी, चपळ आणि आखूड असते, खालून वारा मिळतोय हे तिच्याकडे बघूनच कळतं. हवा कमी पडली की ती उंच, सुस्त, केशरी होते, टोकं काळपट दिसतात, आणि तीच काजळी काचेवर बसते. काचेवर फिकट राखाडी किंवा मातकट पावडर जमत असेल तर ते नॉर्मल आहे, फडक्याने पुसलं की जातं, त्याची काळजी करायची नाही. काळी काजळी मात्र सांगते की आगीला पुरेशी हवा मिळत नाहीये.

चुलीत लाकडं कोरडी असूनही धूर झाला तर आजी आधी राख ओढायची आणि मग फुंकणी घ्यायची, इथेही क्रम तोच आहे. फरक इतकाच की या स्टोव्हमधे फुंकणी उलटी चालते. धूर ओढणारा पंखा आतली हवा बाहेर खेचतो, त्यामुळे आत किंचित निर्वात तयार होतो आणि स्टोव्हबाहेरची हवा बर्न पॉटच्या तळाच्या भोकांतून आत येते. म्हणजे हवेची वाट अशी आहे : हवा आत घेणारा इनटेक पाइप, मग बर्न पॉटची भोकं, मग आग, मग हीट एक्स्चेंजरच्या (खोलीची हवा तापवणाऱ्या) नळ्या, मग आतल्या पॅनेलमागची पोकळी, मग पंखा, मग बाहेरचं धुराडं. या वाटेत कुठेही राख अडकली की आगीचा श्वास कोंडतो, आणि सहा वर्षांच्या स्टोव्हमधे ती हमखास अडकलेली असते, कारण लोक समोरून दिसतं तेवढंच साफ करतात.

आता काय करायचं ते सांगतो. स्टोव्ह बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, प्लग काढा. बर्न पॉट बाहेर काढून उजेडासमोर धरा. सगळी भोकं आरपार दिसली पाहिजेत, बरेचदा वरून स्वच्छ वाटतं आणि निम्मी भोकं कडक राखेने बुजलेली असतात, त्या मापाचं ड्रिल बिट हातात धरून एकेक भोक मोकळं करा, ड्रिल मशीन लावू नका नाहीतर भोक मोठं होईल. पॉट परत ठेवताना नीट बसला का बघा, खाली राखेचा एक खडा जरी राहिला तरी पॉट तिरका बसतो आणि हवा भोकांतून न येता कडेने निघून जाते. मी बघितलेल्या काळ्या काचांपैकी कितीतरी एवढ्यावरच सुटल्यात.

त्यानंतर आतली मागची पॅनेलं. बऱ्याच मॉडेलमधे ती दोन स्क्रू किंवा खिटीवर असतात, मॅन्युअलमधे चित्र असतं. ती काढली की मागे उडत्या राखेचा ढीगच्या ढीग निघतो, मऊ, करडा, पिठासारखा. तो काढायचा ॲश व्हॅक्यूमने, म्हणजे राखेसाठीच बनवलेल्या व्हॅक्यूमने. घरातला साधा व्हॅक्यूम अजिबात वापरू नका, एक तर बारीक राख त्याच्या फिल्टरमधून पार होऊन खोलीभर उडते आणि दुसरं म्हणजे राखेत एखादा जिवंत निखारा असेल तर व्हॅक्यूमच पेटतो. मग धुराच्या पंख्याची पाती ब्रशने हलक्या हाताने, आणि शेवटी बाहेरच्या पाइपच्या टी-आकाराच्या जोडाचं झाकण उघडून तिथला साठा. पाइपचं बाहेरचं तोंडही बघा, जाळी असेल तर ती भरलेली असते, उन्हाळ्यात पक्षी घरटंही करतात. इकडे बरेच जण लीफ ब्लोअरची ओढणारी बाजू बाहेरच्या पाइपला लावून एका मिनिटात सगळी राख खेचून काढतात, ते चालतं, पण स्टोव्ह शंभर टक्के गार पाहिजे आणि शेजाऱ्यांची गाडी वाऱ्याच्या दिशेला नको.

एवढं करूनही काच काळी होत असेल तर दाराचं गॅस्केट, म्हणजे कडेने फट बंद करणारी दोरी, बघा. एक डॉलरची नोट दारात अर्धी ठेवून दार बंद करा आणि ओढा. अडकली तर बरं, सहज सरकून आली तर तिथून हवा गळतेय. अशी चहूबाजूंनी तपासा. दारातून हवा आत शिरली की ती पॉटच्या भोकांतून यायची थांबते, म्हणजे आगीच्या वरती भरपूर हवा आणि आगीच्या खाली नाही. गॅस्केटची दोरी आणि तिचं चिकटवण स्वस्तात मिळतं, फक्त तुमच्या मॉडेलच्या जाडीचीच घ्या.

आणि डॅम्परला, म्हणजे हवा कमी-जास्त करायच्या झडपेला, सगळ्यात शेवटी हात लावा. राख न काढता डॅम्पर उघडून काच स्वच्छ झाली असं वाटतं खरं पण दोन आठवड्यांत परत तेच. डॅम्पर थोडासा हलवा, अर्धा तास थांबा, ज्योत बघा, मग पुढचं. फार उघडलात तर ज्योत भट्टीसारखी घोंघावते, अर्धवट जळलेले पेलेट्स पॉटमधून उड्या मारून बाहेर पडतात आणि उष्णता खोलीत यायच्या ऐवजी धुराड्यातून जाते.

प्रश्न : बर्न पॉटमधे रोज सकाळी काचेसारखा कडक गोळा तयार झालेला असतो, हातोडीने फोडावा लागतो. त्याच्यामुळे कधी कधी स्टोव्ह पेटतच नाही. पेलेट्स 'प्रीमियम' लिहिलेले आहेत. (पिट्सबर्गजवळून, पेनसिल्व्हेनिया)

उत्तर : त्याला क्लिंकर म्हणतात. पेलेटमधली राख इतकी तापते की वितळते आणि गार झाल्यावर दगड होते. शुद्ध लाकडाची राख सहसा वितळत नाही, पण लाकडाबरोबर साल, माती, वाळू आली किंवा मीठ-पोटॅशसारखे क्षार जास्त असले की वितळायचं तापमान खाली येतं. त्यामुळे इथे मात्र दोष पेलेट्सचा असू शकतो, पहिल्या पत्रासारखं नाही.

'प्रीमियम' या शब्दावर जाऊ नका, पिशवीवर पेलेट फ्युएल्स इन्स्टिट्यूट या अमेरिकी पेलेट उद्योगाच्या संस्थेचा शिक्का आहे का बघा. त्यांच्या प्रीमियम दर्जात राख १ टक्क्याच्या आत लागते, स्टँडर्डमधे २ टक्क्यांपर्यंत चालते, युटिलिटीत ६ टक्क्यांपर्यंत. आकडे लहान वाटतात पण हिशोब करा, एक टन म्हणजे ४० पौंडांच्या ५० पिशव्या, २००० पौंड. अर्धा टक्का राख म्हणजे १० पौंड, २ टक्के म्हणजे ४० पौंड. एका हिवाळ्यात तीन टन जाळणाऱ्या घरात ३० पौंड राख उपसायची की १२० पौंड, एवढा फरक आहे.

तरी क्लिंकरला दुसरं कारण असतं, साफसफाईतलं अंतर. जुनी राख पॉटमधे पडून राहिली की तिच्यावर नवी आग, ती अजून तापते, थरावर थर चढतो. म्हणून रोज, हो रोजच, स्टोव्ह गार असताना पॉट खरवडून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. दोन वेगवेगळ्या ब्रँडच्या पाच-पाच पिशव्या आणून शेजारी शेजारी वापरून बघा, प्रत्येकाची राख वेगवेगळ्या डब्यात ठेवा, डोळ्यांनीच निकाल लागतो. पूर्ण टनाची ऑर्डर त्यानंतर द्या.

अजून एक, हार्डवुड चांगलं आणि पाइन-फर वाईट, त्यांनी चिमणी चिकट होते, हा समज सोडा. तो ओल्या लाकडाच्या जुन्या स्टोव्हवरून आलाय. पेलेट्समधे ओलावा ८ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि सॉफ्टवुडचे पेलेट्स बरेचदा पौंडाला थोडी जास्त उष्णता देतात आणि राखही कमी. पश्चिमेकडे डग्लस फरच्या पेलेट्सला लोक मुद्दाम रांग लावतात ते उगाच नाही.

ब्रँड बदलला की सेटिंगही बदलावं लागतं हे मात्र कुणी सांगत नाही. आखूड कांड्या ऑगरमधे दाटीने बसतात, एका फेऱ्यात जास्त पेलेट पडतात, आगीत इंधन जास्त आणि हवा कमी होते आणि ती काजळी धरते. लांब कांड्या ऑगरच्या तोंडाशी आडव्या अडकतात, मग आग मधेच विझते. म्हणजे तोच स्टोव्ह, तेच लाकूड, फक्त कांडीची लांबी वेगळी.

प्रश्न : काका, सासूबाई साताऱ्याहून आल्यात, त्या म्हणतात संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी घरात धुराचा वास येतो. आम्हाला आधी जाणवलं नव्हतं पण त्या म्हणाल्यापासून आम्हालाही येतो. बाकी दिवसभर काही नाही. घर तीन वर्षांपूर्वीचं, नवीन. भीती वाटते, घरात लहान बाळ आहे. (ऑल्बनी, न्यूयॉर्क)

उत्तर : सासूबाईंचं नाक बरोबर सांगतंय, त्यांचे आभार माना. पेटवताना क्षणभर वास आला तर समजू शकतो, पण स्टोव्ह चालू असताना घरात धुराचा वास येता कामा नये, कधीच. आणि फक्त स्वयंपाकाच्या वेळी येतो म्हणजे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. फोडणीला तुम्ही गॅसवरचा हुड फुल स्पीडला लावत असणार, मोहरी-हिंग-मिरचीचा ठसका घरभर जाऊन स्मोक अलार्म वाजू नये म्हणून आपण सगळेच लावतो. तो मोठा हुड मिनिटाला शेकडो घनफूट हवा घराबाहेर फेकतो. जुन्या घरात फटीफटीतून तेवढी हवा परत आत येते. नवीन घरं इतकी घट्ट बांधतात की हवा यायला जागाच नाही, मग घरातला दाब कमी होतो आणि हुड जिथून मिळेल तिथून हवा ओढतो, त्यात तुमच्या स्टोव्हच्या पाइपचे सांधेही आले.

आज संध्याकाळी करून बघा. स्टोव्ह मध्यम आचेवर चालू, सगळ्या खिडक्या बंद, हुड फुल, बाथरूमचे पंखे आणि कपड्यांचा ड्रायरही लावा, आणि ज्योतीकडे बघत राहा. ती ढिली पडली, केशरी झाली तर स्टोव्हजवळची खिडकी दोन बोटं उघडा. ज्योत परत उभी राहिली की निदान पक्कं. तात्पुरता उपाय तोच, फोडणीच्या वेळी खिडकी किंचित उघडी. कायमचा उपाय म्हणजे आउटसाइड एअर किट, बाहेरून एक नळी थेट स्टोव्हच्या इनटेकला जोडायची म्हणजे आग खोलीतली हवा घेतच नाही. मोबाइल होममधे तर इथे ते सक्तीचंच आहे. याचा दुसरा फायदा, तुम्ही पैसे घालून गरम केलेली हवा आगीत जात नाही आणि तिच्या जागी फटीतून थंड वारा आत येत नाही, म्हणजे सोफ्यावर बसल्यावर पाय गार पडतात ते थांबतं.

पण किट लावलं म्हणून गळके सांधे माफ होत नाहीत. धुराचा पाइप पेलेट स्टोव्हसाठीच बनवलेला, दुहेरी भिंतीचा असायला हवा, ड्रायरचा पाइप कधीही नाही, आणि सांधे जास्त तापमानाच्या सिलिकोनने बंद केलेले असावेत. रात्री दिवे घालवून टॉर्चच्या झोतात प्रत्येक सांधा बघा, गळती असली की झोतात धूर दिसतो, बाहेर राखेची बारीक रेघही सापडते. ती सापडली तर दुरुस्त होईपर्यंत स्टोव्ह लावू नका, घरात बाळ आहे.

कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म आहेत का हे पत्रात नाही. प्रत्येक मजल्यावर एक आणि झोपायच्या खोल्यांबाहेर एक, हे आजच. त्या वायूला वास नसतो, सासूबाईंचं नाकही तिथे उपयोगाचं नाही. अलार्म वाजला किंवा सगळ्यांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर आधी सगळे घराबाहेर आणि मग ९११, स्टोव्ह बंद करत बसू नका.

प्रश्न : आमच्याकडे पेलेट स्टोव्ह बसवून झाला पण चिमणीवाला अधिकारी पास करत नाही, म्हणतो किचनच्या हुडमुळे. जर्मनीत हे जरा अतीच नाही का? (श्टुटगार्ट)

उत्तर : अती नाही हो, वरचं पत्र वाचा. तिथे चिमणीवाल्याने तपासून संमती दिल्याशिवाय स्टोव्ह पेटवता येत नाही आणि तो नेमकी हीच अडचण धरतोय. तुमच्यापुढे साधारण दोन वाटा आहेत. एक, हुडला खिडकीचा स्विच बसवायचा, खिडकी उघडी असेल तरच हुड चालू होतो, वायरिंगवाला करून देतो. दुसरी, स्टोव्ह खोलीतल्या हवेवर न चालणारा, बाहेरून हवा घेणारा आणि तशी मान्यता असलेला हवा. अधिकाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा त्याला विचारा यातलं काय चालेल, ही मंडळी नीट समजावून सांगतात असा आपल्या लोकांचा अनुभव आहे. पेलेट्स मात्र तुमच्याकडे निवडायला सोपे, पिशवीवर ईएनप्लस ए-१ हा युरोपातला दर्जाचा शिक्का बघा, राख ०.७ टक्क्याच्या आत आणि ओलावा १० टक्क्यांच्या आत.

प्रश्न : मागच्या वादळात दोन दिवस लाइट गेले. लाइट गेल्या गेल्या स्टोव्हमधून धूर आला. भारतातल्यासारखा इन्व्हर्टर लावता येईल का? (बँगॉरजवळ, मेन)

उत्तर : येईल. लाइट जाताच धूर ओढणारा पंखा थांबतो पण पॉटमधली मूठभर आग जळत राहते, तो धूर तुम्हाला दिसला. अशा वेळी दार उघडू नका. पाइप थोडा सरळ वर गेलेला असेल, नुसता भिंतीतून आडवा काढलेला नसेल, तर गरम धूर आपोआप वर ओढला जातो आणि त्रास बराच कमी होतो. नवीन बसवणाऱ्यांनी ही गोष्ट आधीच मागून घ्यावी.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच घ्या. स्वस्तातल्या मॉडिफाइडवर मोटरी गुणगुणतात, तापतात आणि कंट्रोल बोर्ड बिघडू शकतो. पेटवताना इग्नायटर, म्हणजे पेलेट्स पेटवणारा विजेचा भाग, ३०० ते ४०० वॉट ओढतो, तो काही मिनिटंच, नंतर साधारण १०० वॉटवर काम चालतं. १२ व्होल्टची १०० ॲम्पिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची म्हटलं तर ६०० वॉट-अवर हातात येतात, इन्व्हर्टरचा खर्च जाता पाचेक तास. दोन दिवस काढायला ते पुरणार नाही, पण स्टोव्ह नीट विझवायला आणि एक संध्याकाळ काढायला पुरतं. जनरेटर असेल तर तो घराबाहेर, खिडकी-दारांपासून लांब, गॅरेजमधे दार उघडं ठेवूनसुद्धा नाही.

प्रश्न : खर्च वाचावा म्हणून आम्ही स्टोव्ह चोवीस तास एकदम मंद ठेवतो. तरी दिवसाला एक पिशवी जातेच. हे बरोबर करतोय का? (बेंड, ऑरेगन)

उत्तर : एकदम मंद आच हा काजळीचा आवडता मुक्काम आहे. आग पुरेशी तापत नाही, धूर अर्धवट जळतो, नळ्यांवर थर बसतो, आणि राखेचा-काजळीचा थर उष्णता अडवतो, म्हणजे तेवढ्याच पेलेट्समधे खोली कमी तापते. मंद ठेवायचाच असेल तर दिवसातून एकदा अर्धा-पाऊण तास मोठ्या आचेवर चालवा, आणि नळ्या खरवडायचा दांडा असेल तर तो रोज चार-पाच वेळा आतबाहेर करा. थर्मोस्टॅट लावला तर अजून बरं, पण दर वीस मिनिटांनी पेटतोय-विझतोय असं नको, प्रत्येक पेटण्यात धूर जास्त आणि इग्नायटरचं आयुष्य कमी. कडाक्याच्या थंडीत आच कमी-जास्त होणाऱ्या मोडवर आणि मार्च-एप्रिलमधे पूर्ण बंद-चालू मोडवर, असं ठेवा.

पिशवीचं म्हणाल तर ते फार नाही. एक पौंड पेलेटमधे ८,००० ते ८,५०० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) असतात, अमेरिकी ऊर्जा खातं या स्टोव्हची कार्यक्षमता ७० ते ८३ टक्के धरतं. एक टन पेलेट्स म्हणजे उष्णतेच्या हिशोबाने साधारण १२० गॅलन हीटिंग ऑइल. तुमच्या भागातला दोन्हींचा भाव घेऊन गुणाकार करा, तेवढंच बघायचं. स्टोव्ह जुना असेल आणि बदलायचाच असेल तर मे २०२० नंतरच्या नियमात बसणारा घ्या, त्यात तासाला २ ग्रॅमपेक्षा जास्त धुराचे कण सोडायला परवानगी नाही. तुमच्या भागात हिवाळ्यात धूर खाली साचून राहतो, शेजारच्या दम्याच्या माणसाला याचा फरक पडतो.

पेलेट्स कुठे ठेवता? गॅरेजच्या काँक्रीटवर थेट ठेवत असाल तर खाली लाकडी फळ्यांचा पाट घाला. ओल लागली की कांडी फुगून परत भुसा होते, तो भुसा हॉपरच्या तळाला बसतो, ऑगर उपाशी राहतो. दर टनाला एकदा हॉपर पूर्ण रिकामा करून तळाचा भुसा व्हॅक्यूमने काढा.

प्रश्न : मुलगा बॉस्टनला आहे, त्याच्याकडे पेलेटवर घर गरम होतं. आमच्याकडे पंख्याचा पेलेट चुला आहे, अंगणात स्वयंपाकाला वापरतो. जानेवारीत रात्री तो खोलीत ठेवून खोली गरम केली तर? (सातारा)

उत्तर : नको, काका, कृपा करून असं करू नका. पेलेट तेच पण यंत्र वेगळं. मुलाच्या स्टोव्हमधला सगळा धूर बंद पाइपमधून घराबाहेर जातो. तुमच्या चुल्याला धुराडं नाही, त्यात जे जळतं ते तुम्ही बसलात तिथेच राहतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या डिझाइनवरचे असे चुले महाराष्ट्रात बरेच विकले गेले, शेतातल्या काडीकचऱ्याच्या पेलेटवर चालणारे, आणि स्वयंपाकाला ते साध्या चुलीपेक्षा खूपच कमी धूर करतात, हे खरं. खालून थोडी हवा, वरच्या भोकांतून बाकीची, त्यामुळे वायू वरती स्वच्छ जळतो. पण शेवटी नुसते लाल निखारे उरतात ना, धूर अजिबात दिसत नाही, तेव्हाच कार्बन मोनॉक्साइड सगळ्यात जास्त निघतो. बंद खोलीत झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. शेगडीचं आणि कोळशाच्या घमेल्याचंही हेच. साताऱ्याच्या थंडीला दुलई आणि बंद खिडकी पुरे.

प्रश्न : राख भरपूर निघते. कढीपत्त्याच्या कुंडीत घातली तर चालेल का? आणि आई भांडी राखेने घासायची, ते? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : कढीपत्त्याला नको. त्याला जराशी आम्ल माती मानवते आणि लाकडाची राख मातीचा आम्लपणा मारते, वर कुंडीत माती थोडी, चूक सावरायला जागा नाही. परसात भाज्या लावत असाल तर मातीचा पीएच बघून वाफ्यात मूठ-दोन मूठ पसरून चालेल, पोटॅश मिळतं. ब्लूबेरी, अझेलिया, हायड्रेंजियाजवळ मात्र नाही. कंपोस्टमधेही पातळ थर, ढीग नाही. आणि ही राख शुद्ध लाकडाच्या पेलेट्सचीच हवी.

भांडी घासायला हरकत नाही, रबरी मोजे घाला, राख-पाणी हाताला झोंबतं, आणि नॉनस्टिकला लावू नका. त्याहून चांगला उपयोग स्टोव्हच्या काचेलाच आहे. काच गार असताना वर्तमानपत्राचा बोळा ओला करून बारीक राखेत बुडवायचा आणि गोल गोल घासायचं, काजळी निघते, मग कोरड्या फडक्याने पुसायचं, विकतचा क्लीनर लागत नाही. खड्याची राख घेऊ नका, ओरखडे पडतात.

राख काढून ठेवायची ती घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, डबा घराबाहेर, लाकडी डेकवर नाही आणि भिंतीला टेकून नाही. वरून गार लागली तरी आत निखारा कित्येक दिवस जिवंत राहू शकतो. कागदी किंवा प्लास्टिकच्या पिशवीत भरून कचऱ्यात टाकायची असेल तर आठवडाभर डब्यात राहू द्या आणि टाकायच्या आधी पाणी मारून कालवून घ्या.